अब्बांचं नेट

माझा थोरला भाऊ कुवेतला ट्रेलर चालवतो. आठवडाभर गाडी हाकून शुक्रवारी रात्री, सुट्टीच्या दिवशी, तो पुन्हा गाडीच चालवतो, फक्त पडद्यावरची. त्याच्या खोलीत एक्सबॉक्स आहे, इकडे चिपळूणला त्याच्या मुलाकडे कॉम्प्युटर आहे, आणि ‘फोर्झा होरायझन ५’ हा गेम दोन्हींवरून एकत्र खेळता येतो. बापलेक मेक्सिकोच्या रस्त्यांवरून शेजारी शेजारी गाड्या पळवतात. हेडफोन लावून पोरगा बापाला शाळेतलं, मित्रांचं, सगळं सांगत बसतो. फोनवर हाच मुलगा ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’च्या पुढे जात नाही.

मागच्या उन्हाळ्यात हे बिनसलं. ऐन वळणावर गेम अडकायचा, अर्धा सेकंद चित्र थिजायचं, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत गाडी झाडावर. “अब्बा, तुमचं नेट लॅग मारतंय,” पोरगा म्हणायचा. त्याचं म्हणणं बिनबुडाचंही नव्हतं. साडेनऊला तो एकटा खेळायला बसे तेव्हा सगळं लोण्यासारखं चाले. कुवेतमध्ये आठ वाजले, म्हणजे आपल्याकडे साडेदहा, की अब्बा येत आणि गेम अडखळू लागे. भाईजानने महागाचा इंटरनेट पॅक घेतला. फरक शून्य. मीही त्याला फोनवर ऐकवलं, “भाईजान, तुमचंच काहीतरी बघा.” मग तो हळूहळू म्हणू लागला, “तू खेळ बाळा, मी आज दमलोय.” दोन शुक्रवार तो आलाच नाही. तेव्हा भाभीने मला बोलावलं.

मी शाळेत गणित शिकवतो, कॉम्प्युटरवाला नाही. आधी सगळे करतात तेच केलं. ग्राफिक्स ‘हाय’वरून ‘लो’ केलं. गेम कुरूप झाला, अडकायचा तसाच राहिला. यूट्यूबवरच्या एका भल्या माणसाने गेम ‘बूस्ट’ करणारं सॉफ्टवेअर सुचवलं होतं, तेही टाकलं. त्याने आणखी दोन सॉफ्टवेअर आपणहून आणली. ते सगळं काढण्यात एक संध्याकाळ गेली.

कोपऱ्यातला आकडा मात्र म्हणत होता, सरासरी ६० फ्रेम. गणिताच्या मास्तराला सरासरीने फसवावं याची मला जरा लाजच वाटली. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. पण ५९ चित्रं १०-१० मिलिसेकंदांत आली आणि साठाव्याला ४१० लागले, तरी बेरीज एक हजारच होते. आकडा ६० दाखवतो आणि डोळ्यांसमोर गाडी झाडावर आदळते. २०११ साली ‘टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसनने नेमका हाच मुद्दा मांडला होता: सेकंदाची सरासरी सोडा, एकेका चित्राला किती वेळ लागतो ते मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर नावाच्या फुकटच्या साधनात तो फ्रेमटाइमचा आलेख पडद्यावर दिसतो. तो लावला. सरळ रेघेत मधूनच उंच सुळके, एखाद्या हृदयरोग्याच्या कार्डिओग्रामसारखे.

मग पोराला विचारलं, “अडकतं तेव्हा अब्बांची गाडी उडी मारते, की आख्खा रस्ताच थांबतो?”

“सगळंच थांबतं, चाचा.”

इथेच उत्तर होतं. नेट खराब असेल तर समोरच्याची गाडी इकडून तिकडे उड्या मारते, पण आपला रस्ता, आपली झाडं वाहत राहतात, कारण ती चित्रं आपलंच मशीन काढत असतं. इथे रस्ताच थिजत होता. आपण दोन्हीला ‘लॅग’ म्हणतो, म्हणून एकाच्या दुखण्याचं औषध दुसऱ्याला देतो. खात्रीसाठी वायफाय बंद करून त्याला एकट्याला खेळायला लावलं. पंचविसाव्या मिनिटाला गेम अडखळला. ना कुवेत, ना अब्बा.

पंचवीस मिनिटं चांगलं आणि मग वाईट, म्हटल्यावर संशय उष्णतेवर. एचडब्ल्यूइन्फो उघडून प्रोसेसरचं तापमान लावून ठेवलं. सुरुवातीला ६८ अंश. वीस मिनिटांत ९०, मग ९८, ९९. त्या प्रोसेसरची मर्यादा १००. तिथे पोचला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग तोडतो. ४ गिगाहर्ट्झवरून २ च्या खाली येताना मी पाहिला. थोडा थंडावला की पुन्हा धावतो, पुन्हा तापतो. तेच ते सुळके. ग्राफिक्स कमी करून फरक का पडला नाही तेही कळलं. ते ओझं ग्राफिक्स कार्डाचं, दमत होता प्रोसेसर.

आणि तो का तापत होता? भाभीने मार्चमध्ये कॉम्प्युटर काचेच्या शोकेसमध्ये, कपबशांच्या खालच्या खणात हलवला होता. धूळ नको, मांजर नको. दार बंद, आणि वर, जिथून गरम हवा बाहेर पडते नेमकं तिथे, क्रोशाचा रुमाल. भाईजान लग्नानंतर पहिल्यांदा कुवेतला गेला, त्या वर्षी विणलेला.

पेटी बाहेर काढली, पंख्यांतली धूळ रंगाऱ्याच्या ब्रशने झाडली. तापमान ७५ वर थांबलं, पुढे गेलंच नाही. बारीकसारीक हिसके उरले होते. गेम जुन्या हार्ड डिस्कवर होता, तो एसएसडीवर हलवला. रॅमच्या दोन पट्ट्या लागून लागून बसवलेल्या होत्या, त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे एक खाच सोडून बसवल्या, म्हणजे दोन्ही एकदम काम करतात. एका वेळी एकच बदल, आणि दर बदलानंतर तोच ट्रॅक. नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

गुरुवारी रात्री पोराने अब्बांना व्हॉइस मेसेज पाठवला. मी शेजारीच होतो. “अब्बा, तुमचं नेट ठीक होतं. आमचाच कॉम्प्युटर तापत होता. सॉरी.” थोडं थांबून पुन्हा बटण दाबलं. “उद्या याल ना?”

भाईजानचा फोन आधी मला आला. महागड्या पॅकचा करार वर्षाचा आहे म्हणाला, आणि हसला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने विषय बदलला. तो नेहमी असंच करतो.

शुक्रवारी साडेदहाला मी मुद्दाम थांबलो. पोरगा आलेखाकडे बघतही नव्हता, गणिताच्या सरांची, म्हणजे माझीच, नक्कल करून बापाला हसवत होता. भाभी दारात उभी. “बाहेर ठेवलंय खरं,” ती म्हणाली, “पण धूळ बसेल त्याचं काय?” तिने रंगाऱ्याचा ब्रश धुवून, वाळवून कॉम्प्युटरच्या बाजूलाच टांगून ठेवला होता.