कागदावर सही कुणाची

चार्ली गार्डची २०१७ सालची कात्रणं काल पुन्हा काढली. जन्म ऑगस्ट २०१६ चा, लंडनचा. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार. हातपाय हलवता येईनात, श्वास व्हेंटिलेटरवर. अमेरिकेत नेऊन एक प्रायोगिक औषध देऊन बघावं म्हणून आईबापांनी लोकवर्गणीतून तेरा लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाचे डॉक्टर म्हणाले, मेंदूचं झालेलं नुकसान भरून येणार नाही, लेकराचे हाल तेवढे लांबतील. एप्रिलमध्ये हायकोर्टाने डॉक्टरांचं मान्य केलं. मग अपील, मग सुप्रीम कोर्ट, मग स्ट्रासबुर्गचं मानवी हक्क न्यायालय. निकाल बदलला नाही. जुलैच्या अखेरीस आईबापांनी स्वतःच माघार घेतली. २८ जुलैला चार्ली गेला. पहिला वाढदिवस आठवड्यावर आला होता.

*

उपचारापुरता मी तेव्हा डॉक्टरांच्या बाजूचा होतो, आजही आहे. आईबापाची माया खरी असली तरी सुया मुलाच्या अंगात जातात.

पण शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट मला अजून सोसत नाही. आईबापांना त्याला शेवटचं घरी न्यायचं होतं. लागणारा व्हेंटिलेटर घराच्या दारातून आत जाणार नाही, असं रुग्णालयाच्या बाजूने कोर्टात सांगितलं गेलं. शेवट हॉस्पिसमध्ये झाला. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टरांना जास्त कळतं. मूल कुठे आणि कुणाच्या अंगाशी जावं, हे आईला जास्त कळतं.

*

उलटं उदाहरणही लिहून ठेवायला हवं, नाहीतर मी डॉक्टरांचा भाट व्हायचो. २०१४ साली साउथॅम्प्टनच्या रुग्णालयातून आशिया किंग या पाच वर्षांच्या मुलाला आईबाप न विचारता घेऊन गेले. मेंदूतली गाठ काढलेली, पुढे प्रोटॉन उपचार हवे म्हणून. स्पेनमध्ये त्यांना अटक झाली. मूल एका रुग्णालयात, आईबाप कोठडीत. पुढे कोर्टानेच प्रागला जायची परवानगी दिली. मुलगा बरा झाला. बरं होण्याचं श्रेय कशाला, यावर डॉक्टर वाद घालोत. त्या वयाच्या आजारी पोराला आईबापांपासून तोडायला नको होतं, यात वाद कसला?

*

ब्रिटनमध्ये डॉक्टर आणि आईबापांचं एकमत झालं नाही की कोर्ट ‘मुलाचं हित’ बघून ठरवतं. आपल्याकडे बारा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची संमती. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ८९ होतं, आता न्याय संहितेत २७ आहे. कोर्टात जातो कोण? आमचा वाद बिलाच्या खिडकीवर मिटतो.

*

वॉर्डात ‘डामा’ म्हणतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. “बेड नंबर सहाने डामा घेतला.” कागदावर लिहिलेलं असतं, नातेवाइकांच्या इच्छेनुसार. ज्या बापाकडे उद्याच्या डिपॉझिटचे पैसे नाहीत, त्याची कसली इच्छा? त्या कागदाने रुग्णालय मोकळं होतं. बाप जन्मभर त्या सहीत अडकतो.

*

ताईचा धाकटा. साडेतीन वर्षांचा. मेंदूज्वर. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केला तेव्हा दोन व्हेंटिलेटर होते आणि दोन्हींवर मुलं होती. म्हणून घशात नळी घालून अँब्यूची पिशवी आमच्या हातात दिली. सिस्टरनी एकदाच दाखवलं, “मनात एक, दोन, तीन म्हणा आणि दाबा. छाती वर येईल तेवढंच. झोपायचं नाही.” दाजी, मी, ताई, दाजींचा चुलतभाऊ, तासातासाने. पिशवीला रबराचा वास. हात घामाने निसटायचा. पायाच्या अंगठ्याला लावलेला लाल दिवा बघत बसायचं.

तिसऱ्या रात्री मला उमगलं की त्याचा श्वास म्हणजे आम्हीच आहोत. थांबायचं ठरलं, तर आमच्यापैकी कुणाच्या तरी हाताने थांबायचं.

चौथ्या दिवशी तरुण डॉक्टर आले. वयाने माझ्याएवढेच. “पुढचं तुम्ही ठरवा. न्यायचं असेल तर इथे सही करा.” दाजींनी विचारलं, “साहेब, तुमचं पोर असतं तर काय केलं असतं?” “तसं सांगता येत नाही,” म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. वॉर्ड भरलेला होता, दोन रात्री ते झोपलेले नव्हते. मला त्यांचा राग नाही. पण दाजींचा प्रश्न उत्तर देण्याजोगा होता.

*

भान हरपून वर्षानुवर्षं खाटेवर पडून राहिलेल्या केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग लहान नव्हत्या, तरी त्यांचा निकाल इथे आठवतो. २०११ साली त्यांच्या वतीने बोलायचं कुणी, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे होता. कोर्टाने तो अधिकार ३७ वर्षं त्यांचं अंग पुसणाऱ्या, भरवणाऱ्या केईएमच्या माणसांना दिला.

*

सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाने उपचार थांबवण्याला वाट मिळाली, २०२३ साली ती सोपी झाली: रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळं, जवळच्या नातेवाइकांची संमती. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. ‘थांबावं’ हे आधी डॉक्टरांनी सही करून म्हणायचं. आईबापांना विचारावं, त्यांचं ऐकावं, ते ‘अजून दोन दिवस’ म्हणाले आणि मुलाला वेदना नसतील तर ते दोन दिवस द्यावेत. पण ‘तुम्ही ठरवा’ म्हणून पेन त्यांच्या हातात कोंबू नये. ते डॉक्टरने उचलायचं ओझं आहे.

*

आणि वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनचं. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ते मिळवणं सोपं व्हायला हवं होतं. घरी परत नेलेल्या किती लेकरांच्या उशाशी त्याची बाटली असते?

*

पाचव्या सकाळी मोठ्या मॅडम आल्या. स्टूल ओढून बसल्या आणि पिशवी माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतली. दाबत दाबतच ताईशी बोलल्या. “बाई, मेंदूचं काम थांबलंय. यंत्र मिळालं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. आता थांबायचं, असं मी ठरवलंय. तुमच्या मनात काही राहिलंय का?”

ताई म्हणाली, “मांडीवर द्या.”

मॅडमनी दिला. थोडा वेळ पिशवी दाबत राहिल्या, मग त्यांनीच हात थांबवला. कागद कुणी पुढे केला नाही.

नळीची चिकटपट्टी गालावर घट्ट बसली होती. ताईने सामानातली खोबरेलची बाटली मागितली आणि बोटाने तेल मुरवत ती कडेकडेने सोडवली. ओढली नाही.