लोखंडी गोगलगाय

लहानपणी माझ्या मुखदुर्बळ स्वभावाला उद्देशून आमची आत्या म्हणे, “गोगलगाय नि पोटात पाय!” त्या बिचाऱ्या प्राण्यावर हा अन्यायच, असे मला वाटे. परंतु अलीकडे एका गोगलगाईची हकीकत वाचनात आली आणि ती म्हण, पन्नाशी उलटल्यावर, पुन्हा मला येऊन चिकटली.

ही गोगलगाय हिंदी महासागराच्या तळाशी, सुमारे २,४०० ते २,८०० मीटर खोलीवर राहते. पृथ्वीच्या पोटातून कढत, धातुयुक्त पाणी जेथे उसळते, त्या झऱ्यांपाशी तिची वस्ती. शास्त्रज्ञांना ती २००१ साली प्रथम आढळली. लांबी जेमतेम दीड इंच. पण शंखावर लोह-गंधकाचा थर, आणि मऊ पायावरही तशाच शेकडो खवल्यांचे चिलखत! मौज अशी की, तिला अन्न शोधावे लागत नाही. अन्ननलिकेच्या एका मोठ्या ग्रंथीत तिने जंतूंना बिऱ्हाड दिले आहे. झऱ्यातील रसायनांवर ते जगतात आणि घरमालकिणीला पोसतात. पोटात पाय नव्हेत, अन्नछत्रच म्हणा ना!

२०१९ साली मात्र तिची गणना संकटग्रस्त जातींत झाली. समुद्रतळावरील खाणकामाच्या भीतीने त्या यादीत गेलेली ही पहिलीच जात. तेव्हा ज्ञात असलेल्या तिच्या तिन्ही वस्त्या मिळून क्षेत्र भरले अवघे पाचेक एकर. आमच्या महाविद्यालयाचे आवारही त्याहून मोठे आहे! त्यांपैकी दोन वस्त्या चीन व जर्मनी यांच्या खनिज-संशोधनाच्या परवान्यांत येतात. भारतानेही २०१६ मध्ये याच महासागरातील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा खनिजांच्या शोधाचा करार केला आहे.

येथे माझे पाय दिसू लागले. गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी याच शोधाच्या कामावर रुजू झाला. शिफारसपत्र माझेच. वडिलांच्या पश्चात दोन बहिणींचे शिक्षण त्याच्या शिरावर. पेढे घेऊन तो आला, वाकून नमस्कार केला, तेव्हा माझे डोळे पाणावले होते. ते पत्र आज परत घ्यावेसे वाटते का? मुळीच नाही.

तरीही काल रात्री त्याला लिहावयास बसलो. “हे असले उद्योग सोडा” असे वाक्य मनात तयार होते. इतक्यात टेबलावरच्या दिव्याकडे लक्ष गेले. तेथवर वीज येते ती तांब्याच्या तारेतून. आणि त्या झऱ्यांपाशी तांबेच तर साठलेले असते. ते वाक्य मी लिहिले नाही. एवढेच विचारले : “जे झरे विझले आहेत, त्यांच्यापाशीच शोध घेऊन जिवंत झरे सोडून देता येतील काय? तुमच्या वरिष्ठांना हे विचारण्याचे धैर्य तुम्हांला होईल काय?”

पत्र आज सकाळी टपालात टाकले. धैर्याचा प्रश्न त्याला विचारणे सोपे होते. मी स्वतः उभ्या आयुष्यात कोणा वरिष्ठाला असे काही विचारल्याचे मला स्मरत नाही.