बाक आणि हजेरीपट

ती संध्याकाळ आठवली की अजून पोटात गोळा येतो. आमच्या सर्व्हरला साठवणयंत्रातले दोन खंड नेटवर्कवरून जोडले होते. 'एसडीबी'त निकाल, 'एसडीसी' रिकामा, असे मी वहीत टिपले होते. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर 'एसडीसी' फॉरमॅट करायला बसलो. सहज आत डोकावलो, तर समोर निकाल!

लिनक्स ही नावे डिस्क सापडतील त्या क्रमाने देते. क्रम बदलला की नावही बदलते. मग साठवणयंत्रावरचा खंडाचा ओळखक्रमांक सर्व्हरला दिसणाऱ्या क्रमांकाशी ताडून पाहिला. माउंटच्या यादीत आता फाइलसिस्टिमचा ३६ चिन्हांचा यूयूआयडीच लिहितो.

बाक बदलला म्हणून विद्यार्थी बदलत नाही. मी मात्र बाकावरून हजेरी मांडत होतो!