खेळाडूचे सासर

सौरभ नेत्रावळकर हे नाव २०२४ च्या जून महिन्यापूर्वी आमच्या धाडमध्ये फार थोड्यांस ठाऊक असेल. मुंबईत जन्मलेला व वाढलेला हा डावखुरा गोलंदाज २०१० साली भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला, पुढे मुंबईकडून रणजी सामन्यात उतरला, आणि २०१५ साली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. तेथे तो संगणक-अभियंता झाला. क्रिकेट मात्र त्याला सुटले नाही, व कालांतराने तो त्या देशाच्या संघाचा कर्णधारही झाला. ६ जून रोजी डॅलस येथे अमेरिका व पाकिस्तान यांचा सामना बरोबरीत सुटला आणि निर्णायक ‘सुपर ओव्हर’ टाकण्यासाठी चेंडू त्याच्या हाती आला. पाकिस्तानला पाच धावा कमी पडल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या गावात जो तो ‘आपल्या’ नेत्रावळकराविषयी बोलत होता. १२ जून रोजी तोच गोलंदाज न्यूयॉर्कनजीक भारतासमोर उभा राहिला. विराट कोहली पहिल्याच चेंडूवर शून्यावर परतला आणि पाठोपाठ रोहित शर्माही गेला. तेव्हा माझ्या शेजारी बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ कळवळून म्हणाले, “पाहा सर, घरचंच पोरगं उलटलं!”

या सहा दिवसांत त्या तरुणात काय बदलले होते? त्याच्या अंगावरचा पोशाख तोच होता, चेंडूचा झोकही तोच होता. बदलली होती ती आमची बसण्याची बाजू. त्याचे नैपुण्य दुसऱ्याला बोचत होते तोवर ते आमच्या मातीचे होते. आम्हाला बोचताच तो कृतघ्नपणा ठरला. आणखी एक गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटली. त्याच सामन्यात सूर्यकुमार यादवचा झेल त्याच्या हातून सुटला, आणि सूर्यकुमारने नाबाद ५० धावा करून भारताला विजय मिळवून दिला. अमेरिकेत एखादा संशयात्मा असता, तर त्याने हा झेल जुन्या स्नेहापोटी मुद्दाम सोडला असे म्हणावयास कितीसा वेळ लागला असता? ज्याची दोन घरे, त्याच्या यशाचाही संशय येतो आणि चुकीचाही.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा नियम या बाबतीत पुष्कळ उदार आहे. त्या देशात जन्म, त्या देशाचे नागरिकत्व, किंवा तेथे सलग तीन वर्षांचा वास, यांपैकी एक पुरावा दाखविला की खेळाडूला त्या देशाचा पोशाख चढविता येतो. परंतु नियमाने दिलेला अधिकार लोकांचे मन देतेच असे नाही. १९९० साली इंग्लंडमध्ये नॉर्मन टेबिट या पुढाऱ्याने, बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक क्रिकेटच्या सामन्यात कोणाचा जयजयकार करतात यावरून त्यांची निष्ठा ओळखावी, असे सुचविले. आम्ही सुशिक्षितांनी त्या विचाराला संकुचित म्हणून नाके मुरडली. परंतु तीच कसोटी आपण आपल्या घराच्या बैठकीत बसून किती सहज लावतो, हे त्या रात्री मला दिसले.

वास्तविक निष्ठेची ही गुंतागुंत धाडच्या माणसास नवी वाटू नये. बुलढाणा तालुक्यातील हे आमचे गाव वऱ्हाडच्या अगदी काठावर आहे. थोडे पुढे गेले की जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका लागतो. आज ती केवळ दोन जिल्ह्यांची शीव आहे. परंतु १९४८ पर्यंत तिच्या पलीकडे निजामाचे राज्य होते, व त्या मुलखाला आमच्याकडे मोगलाई म्हणत. त्यात पुन्हा गंमत अशी की, अलीकडचा वऱ्हाडदेखील कागदोपत्री निजामाचाच होता. १८५३ च्या तहाने तो कंपनीच्या ताब्यात गेला, १९०२ साली वर्षाकाठी २५ लक्ष रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला, आणि तरीही १९३६ साली निजामाच्या युवराजास ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ ही पदवी मिळाली. धनी एक आणि कारभारी दुसरा. आमच्या पणजोबांना कोणी ‘तुमची निष्ठा कोणाकडे?’ असे विचारले असते, तर त्यांनी बहुधा आपल्या शेताकडे बोट दाखविले असते.

माझी आजी मोगलाईतली. लग्न होऊन ती धाडला आली. माहेरी जाताना वाटेत करोडगिरीचा नाका लागे, आणि तिच्या चंचीत दोन्ही राज्यांची नाणी असत: इकडचा कलदार रुपया आणि तिकडचा हाली. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब तिला तोंडपाठ होता. दोन्ही नाण्यांपैकी खरे कोणते, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. कोणते कोठे चालते एवढे तिला ठाऊक होते. सासरच्या भाऊबंदकीत ती सासरची बाजू हिरिरीने मांडी. आणि माहेरच्या कोणी निंदा केली, तर त्याच जोराने माहेरची बाजू घेई. त्यामुळे ती कोणाची नाही, असे आमच्या घरात कोणास वाटले नाही.

आपल्या समाजाने अर्ध्या माणसांकडून पिढ्यान्‌पिढ्या हेच करवून घेतले आहे. मुलगी वाढते एका घरी, आणि तिचे कर्तृत्व लागते दुसऱ्या घरी. तिने सासरचे भले करावे ही अपेक्षा, आणि तिने माहेर विसरू नये हीही अपेक्षा. सुनेच्या निष्ठेचीही आपण किती निष्ठुर परीक्षा घेतली आहे, हेही येथे लपविता कामा नये. खेळाडूचे आणि तिचे साम्य मात्र एका ठिकाणी संपते. तिला बहुधा कोणी विचारले नव्हते. खेळाडू स्वतः निवड करतो. म्हणून त्याच्याकडून अधिक उत्तर मागण्याचा आपल्याला हक्क आहे, असे कोणी म्हणेल. तो हक्क मी अमान्य करीत नाही. प्रश्न इतकाच की, उत्तर कशाचे मागावयाचे?

घराजवळचेच उदाहरण पाहू. धाडपुढची ती जुनी शीव राज्यकारभारातून पुसली गेली, पण क्रिकेटमध्ये ती अजून शाबूत आहे. एका महाराष्ट्र राज्यात रणजी करंडकासाठी मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ उतरतात. धाडचा मुलगा विदर्भाचा, आणि पलीकडच्या भोकरदनचा मुलगा महाराष्ट्राचा. विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक जिंकला, तेव्हा त्या संघात वासिम जाफर होता. ज्याचे नाव मुंबईशी जोडलेले, तो उतारवयात आमच्याकडे आला आणि खोऱ्याने धावा काढून गेला. २०२४-२५ चा अंतिम सामना विदर्भ आणि केरळ यांच्यात झाला. त्यात दुसऱ्या डावात १३५ धावा करून केरळची आशा संपविली ती करुण नायर याने. हा गृहस्थ मल्याळी घराण्यातला, नावारूपास आला कर्नाटकात, आणि लढला विदर्भाकडून केरळाशी! त्या दिवशी आम्हा वऱ्हाडकरांपैकी कोणीही त्याचे कुलदैवत विचारले नाही. येणारा आपला, आणि जाणारा मात्र फितूर, असा न्याय जगात सर्वत्र चालतो. पण म्हणून तो न्याय ठरत नाही.

कोणी म्हणेल, प्रांताची गोष्ट निराळी आणि राष्ट्राची निराळी. खरे आहे. परंतु राष्ट्रांचा इतिहासही तितकासा सरळ नाही. पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांनी १९३२ साली सिडनीला इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत १०२ धावा केल्या, आणि तेच १९४६ साली भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले. त्यांच्या त्या संघात अब्दुल हफीज नावाचा एक तरुण होता. १९५२ साली तो परत आला तो पाकिस्तानचा कर्णधार अब्दुल हफीज कारदार म्हणून. त्याने देश बदलला, की देशच त्याच्या पायाखालून बदलला?

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही हलका नाही. धनाढ्य राष्ट्रे गरीब देशांचे खेळाडू विकत घेतात, हे असत्य नव्हे. केनियाचा स्टीफन चेरोनो २००३ साली सैफ सईद शाहीन होऊन कतारकडून धावला, आणि त्याच वर्षी पॅरिस येथे अडथळ्यांच्या शर्यतीत जगज्जेता ठरला. अशा व्यवहारात पोशाख देशाचा आणि सौदा बाजाराचा असतो. आपल्या देशाने या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. भारताचे नागरिकत्व एकेरी आहे. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की आपले संपते. परदेशस्थ भारतीयांना २००५ पासून मिळणारे ‘ओसीआय’ पत्र म्हणजे नागरिकत्व नव्हे. २००८ च्या अखेरीपासून तर भारताच्या संघातून खेळावयाचे तर भारताचेच पारपत्र हवे, असा दंडक झाला. पुण्याच्या संघाकडून फुटबॉल खेळणारा इझुमी अराता, ज्याचे वडील भारतीय व आई जपानी, याने जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, आणि मगच २०१३ साली तो भारताकडून खेळला. मला हा दंडक गैर वाटत नाही. राष्ट्राने मनुष्याकडून एक सही मागावी, यात अन्याय नाही. परंतु सही केल्यावर त्याने आईचे गाव विसरावे, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही, आणि ते लिहिता येण्यासारखेही नाही.

मुंबईत जन्मलेला एजाझ पटेल आठ वर्षांचा असताना न्यूझीलंडला गेला. २०२१ च्या डिसेंबरात वानखेडे मैदानावर, आपल्याच जन्मगावी, त्याने भारताचे एका डावातील दहाही गडी ११९ धावांत बाद केले. लेकर व कुंबळे यांच्यानंतर कसोटीत हे साधणारा तो तिसराच. तो सामना न्यूझीलंड हरले. २०२४ साली त्याच मैदानावर त्याने अकरा गडी बाद केले, न्यूझीलंड २५ धावांनी जिंकले, आणि भारताने मायदेशी तीनही कसोट्या गमावल्या. त्या पराभवाने मी खिन्न झालो, हे कबूल करण्यात मला संकोच नाही. पण समजा, जन्मभूमीच्या मायेपोटी त्याने दोन चेंडू सैल टाकले असते, तर तो आपल्याला अधिक प्रिय झाला असता काय? मुळीच नाही. सासरी कामचुकारपणा करणाऱ्या मुलीने माहेरचे नाव राखले, असे आपण कधी म्हटलेले नाही.

म्हणून खेळाडूकडून आपण मागावे ते एवढेच: ज्यांच्यासाठी मैदानात उतरलास, त्यांना त्या दिवशी आपले सगळे कसब दे. यापलीकडे त्याच्या मनाच्या नाक्यावर करोडगिरीचा शिपाई बसविण्याचे आपल्याला कारण नाही. हा प्रश्न केवळ खेळाडूंचा असता, तर मी एवढा खल केला नसता. माझ्या वर्गात बसून गेलेली कितीतरी मुले आज परदेशी आहेत. त्यांतील काहींनी तिकडचे नागरिकत्व घेतले. काही घेऊ की नको या विचारात आहेत, आणि आईवडिलांजवळ हा विषय काढावयास बिचकतात. इकडे धाडच्या ओसरीवर ते आईवडील ‘पोरगा आता आपला राहिला का?’ या एका प्रश्नाने कुरतडले जातात. त्यांना मी हाली-कलदारचा हिशेब सांगतो, आणि मुलाने फोन केला की पारपत्राची चौकशी करण्याआधी त्याला जेवलास का, असे विचारावे, असे सुचवितो.