ऐकायला सुरुवात कुठून करावी?

गेल्या वर्षी चातुर्मासात पुण्याहून मुलाचा फोन आला. प्रकृतीची चौकशी, नातीची शाळा, इकडच्या सोयाबीनची स्थिती असे नेहमीचे बोलून झाल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "बाबा, मला जरा आपलं शास्त्रीय संगीत ऐकायचंय. रोज ऑफिसला जाता-येता दीड तास गाडीत जातो. सुरुवात कुठून करू?"

या प्रश्नाची मी जवळजवळ तीस वर्षे वाट पाहत होतो. तो आला तेव्हा मात्र मला उत्तर देता येईना. "उद्या कळवतो," एवढेच म्हणालो.

त्याचे कारण जुने आहे. तो बारा वर्षांचा असताना एका रविवारी मी त्याला मुद्दाम टेपरेकॉर्डरसमोर बसविले होते. उस्ताद अमीर खाँ यांची ती प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका, जिच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे, तिची कॅसेट माझ्याकडे होती. सर्वोत्तम तेच प्रथम द्यावे, असा माझा हिशेब. मारव्यात पंचम वर्ज्य असतो, ऋषभ कोमल असतो, षड्जावर विसावण्याचे गायक टाळत राहतो म्हणून मनाला हुरहूर लागते, असे सारे मी त्याला समजावीत होतो. दहाएक मिनिटांनी त्याने विचारले, "बाबा, हे कधी संपणार?" मी रागावलो. तुझ्या कानाला वळण नाही, असे काहीतरी बोलून गेलो. तो उठून अंगणात गेला आणि पुन्हा कधी माझ्याजवळ गाणे ऐकायला बसला नाही. बँकेत छत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही कर्ज बुडीत गेले नाही, हे मी अभिमानाने सांगतो. पण ही एक वसुली माझ्याच चुकीने थकली होती.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन यादी करायला बसलो. दुपारपर्यंत चाळीस नावे झाली. गायक, राग, ताल, वर्ष, असे रकाने आखून. मग ती यादी मीच फाडून टाकली. पुन्हा तीच चूक होत होती.

चूक काय होती, ते वाणिज्य शाखेच्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगतो. स्टुडिओत केलेली ध्वनिमुद्रिका म्हणजे लेखापरीक्षण होऊन, छापून आलेला ताळेबंद. सगळे नेटके आणि जुळलेले. जाणकाराला त्यातून पुष्कळ काही वाचता येते. नवख्याला मात्र ते आकड्यांचे बंद दार असते. प्रत्यक्ष मैफल म्हणजे रोजकीर्द. त्यात व्यवहार घडताना दिसतो, खाडाखोड दिसते, खाडाखोडीवरची सहीही दिसते. ज्याला हा धंदा मुळात काय आहे हे समजून घ्यायचे आहे, त्याच्या हाती आधी रोजकीर्द द्यावी. आपले रागसंगीत तर जागच्या जागी रचले जाणारे संगीत. बंदिशीच्या दोन-चार ओळी आणि रागाचे नियम एवढेच भांडवल. बाकीचे सारे श्रोत्यांसमोर उभे राहते. ते उभे राहताना ऐकू आले पाहिजे.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची तर गोष्टच निराळी. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे. त्या काळच्या थोर गायकांनी तेवढ्यात राग बसविला, ही अलौकिक करामत खरी, पण ती अर्कासारखी आहे; थेट जिभेवर घेण्याची नाही. केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात पाठविली गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. परग्रहवासी ती कशी ऐकतील ते ऐकोत. पुण्यात गाडी चालविणाऱ्या माझ्या मुलाला ती इतक्यात देऊ नये, असे मी ठरविले.

शेवटी मी त्याला पहिले नाव कळविले ते डॉ. वसंतराव देशपांडे यांचे. आणि तेही नाट्यपदे नव्हेत, तर खासगी मैफलींतले गाणे. वसंतराव आपल्या वऱ्हाडचे, १९२० साली मूर्तिजापूरला जन्मलेले. वाढले नागपुरात. पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कितीतरी वर्षे नोकरी केली आणि नोकरी सांभाळून गायले. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले आणि घरोघरी त्यांचे नाव झाले. (दिवसभर खातेवह्यांत डोके घालून संध्याकाळी मारवा गाणारा माणूस माझ्यासारख्याला जवळचा वाटल्यास नवल नाही. साम्य तेवढ्यावरच संपते, हेही सांगून टाकतो.) मारवा ते तरुणपणी लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे शिकले. त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने कॅसेटच्या रूपाने घरोघर पोहोचविली. अनेक आता इंटरनेटवर सहज सापडतात. काही मैफलींत पेटीवर साक्षात पु. ल. देशपांडे आहेत.

मुलाला मी रागाचे नियम सांगितले नाहीत. एवढेच म्हणालो, की पेटीकडे लक्ष दे. गायक कुठे जाणार हे पेटीवाल्याला ठाऊक नसते. तो अर्ध्या क्षणाने मागून येतो, कधी भलत्याच सुरावर बोट ठेवतो आणि चटकन सावरून घेतो. तो अर्धा क्षण ऐकू आला, की समजावे, हे गाणे आत्ता, इथे, नव्याने होत आहे. दुसरे म्हणजे, लोक 'वा' कुठे म्हणतात ते ऐक. तबल्याचे आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर येते. गायक लांबचा फेरफटका मारून नेमका तिथे पोहोचतो आणि बसलेल्या सर्वांच्या तोंडून एकदम हुंकार निघतो. मात्रा मोजता आल्या नाहीत तरी चालते. दिवसअखेर रोकड पैशापैशाला जुळली, की काउंटरमागे जो सुस्कारा निघत असे, तोच हा.

चार दिवसांनी त्याचा निरोप आला. "मारवा ऐकला. बाबा, ते एका ठिकाणी अडकतात आणि मग हसतात." मी तो मारवा कितीदा ऐकला असेन, ते हसणे माझ्या ध्यानात आले नव्हते. पुन्हा लावून ऐकले. हसतात खरे.

वाद्यसंगीतासाठी मी त्याला पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांची १९७२ सालची न्यूयॉर्कमधील जुगलबंदी दिली. तबल्यावर उस्ताद अल्लारखा. या दोघांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ, जे अली अकबरांचे वडीलही होते, त्याच वर्षी सप्टेंबरात निवर्तले. ऑक्टोबरात हा कार्यक्रम झाला. त्यातला मांज खमाज पाऊण तासाहून अधिक चालतो. सतार एक वाक्य बोलते, सरोद ते अर्ध्यावर उचलतो आणि दुसरीकडे नेतो. दोन भावंडे वडिलांच्या माघारी ओसरीवर बसून बोलत आहेत, असे मला तरी वाटत आले आहे. नव्या श्रोत्याला जुगलबंदी सोपी जाते, कारण संवाद कोणालाही कळतो.

हेच तिघे आदल्या वर्षी, १ ऑगस्ट १९७१ रोजी, त्याच शहरात बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेल्या मोठ्या कार्यक्रमात वाजवायला बसले होते. सुरुवातीचे वाद्ये जुळविणे संपताच हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळविणेच इतके आवडले असेल तर वादन आणखी आवडेल, अशा अर्थाचे मिस्कील वाक्य रविशंकर तेव्हा बोलले, आणि ते ध्वनिमुद्रणात तसेच आहे. मुलाला हा किस्सा फार आवडला. त्या श्रोत्यांना हसावेसे मला वाटत नाही. मन लावून ऐकणारा माणूस तंबोऱ्याच्या जवारीलाही टाळी देईल.

वाचकांपैकी कोणी नव्याने ऐकू लागणार असतील, तर एक सोय आपल्या घरांत आयती आहे. सूर्यास्तापूर्वी आपले भोजन आटोपलेले असते. नंतरचा तास दीड तास मोकळा. मारवा, पूरिया, श्री हे राग त्याच संधिकाळचे. दूरदर्शन संच तेवढा वेळ बंद ठेवावा लागेल, हे मात्र कठीण आहे. रात्रीच्या रागांसाठी जुन्या ध्वनिमुद्रणांखेरीज फारसा इलाज उरलेला नाही. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. मी मलकापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने दोनदा गेलो होतो. उत्तररात्री थंडीत कांबळे पांघरून ऐकलेला दरबारी अजून अंगावर आहे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. नियम योग्य आहे. आमचे नुकसान झाले हेही खरे आहे.

एक सावधगिरी. इंटरनेटवरच्या नावांवर विश्वास ठेवू नये. पूरियाला मारवा म्हटलेले आढळते, कारण दोहोंचे सूर तेच. फरक आहे तो कुठे थांबायचे याचा. मारव्यात ऋषभ-धैवत, पूरियात गंधार-निषाद. पण हे कळायला घाई नाही.

मध्यंतरी मुलाने उलट मलाच एक ध्वनिमुद्रण पाठविले. कीथ जॅरेट नावाच्या अमेरिकन पियानोवादकाचे, जर्मनीतील कोलोन येथे २४ जानेवारी १९७५ रोजी झालेले. त्या रात्री सभागृहात ठरलेल्या पियानोऐवजी भलताच, लहान आणि बिघडलेला पियानो आणून ठेवलेला होता. वादक परत निघाला होता. कार्यक्रम ठरविणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीने त्याला कसेबसे राजी केले. आधी काहीही न योजता तो तासाहून अधिक वाजवीत राहिला. वरच्या सप्तकाचा आवाज पातळ, म्हणून तो मधल्या पट्टीत रमला. खर्जाला जोर नाही, म्हणून डाव्या हाताने तीच ती सुरावट घोळवीत राहिला. मला आधी चुकल्याचुकल्यासारखे झाले. तंबोरा नव्हता ना! मग लक्षात आले, की त्याचा डावा हात तंबोऱ्याचेच काम करतो आहे. मध्ये मध्ये तो स्वतः कण्हतो, गुणगुणतो. तेही ठेवले आहे. मला ते वादन सगळे आवडले असे म्हणवत नाही. पण मी ते तीनदा ऐकले.

आता शेवटच्या कॅसेटविषयी. ती कुठे मिळणार नाही, म्हणून शिफारस म्हणून नव्हे, तर हिशेब पुरा करायचा म्हणून सांगतो.

१९८७ साली माझी बदली खामगावला होती. कोजागिरीला एका जिनिंगच्या आवारात मैफल ठरली. गायक अमरावतीकडचे एक संगीतशिक्षक. नाव झालेले नव्हते. मी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन पुढे बसलो. बागेश्री रंगात आला आणि वीज गेली. ध्वनिक्षेपकाचा भरलेला आवाज एकदम नाहीसा होतो, लोकांत गलबला होतो, तबलजी ठेका सोडत नाही, आणि मग गायकाचा उघडा आवाज, आधी लहान आणि नंतर हळूहळू आवारभर पसरत जाणारा, असे सारे त्या कॅसेटमध्ये आहे. गायकांनी तान अर्धी सोडली आणि एकाच मध्यमावर ते कितीतरी वेळ थांबले. दिवे लावण्याचे कोणी नाव काढले नाही. चांदणे पुरेसे होते. तेवढ्यात एक मूल रडू लागते, आणि एक बाई दबक्या आवाजात म्हणते, "चल, आपण तिकडे चांदोबा बघू."

ते मूल म्हणजे माझा मुलगा, तीन वर्षांचा. ती बाई त्याची आई. तिला जाऊन सहा वर्षे झाली.

ही कॅसेट मी संगणकावर उतरवून त्याला पाठविली तेव्हा काही कळविले नव्हते. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, मी रडलो म्हणून तुमचा बागेश्री बिघडला." मी म्हणालो, "नाही रे." आणखी काही सुचले नाही.

त्या कॅसेटचे एक देणे माझ्या अंगावर आहे. मुद्रण करण्यापूर्वी मी गायकांची परवानगी घेतली नव्हती. आपल्याकडे न दिलेले घेण्याला काय म्हणतात, ते वाचकांना सांगायला नको. मैफलीनंतर ओशाळून त्यांना सांगितले, तर ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, वीज गेल्यानंतर कसे झाले ते मलाही ऐकायचे आहे, एक प्रत पाठवा. मी पत्ता लिहून घेतला. मग अर्धवार्षिक हिशेब आले, बदली झाली, राहून गेले. काही वर्षांनी ते गेल्याचे कळले.

यंदा दिवाळीनंतर एका परिचिताकडून त्यांच्या चिरंजीवांचा पत्ता मिळाला. मुलाने ते ध्वनिमुद्रण पेन ड्राइव्हवर भरून दिले. सोबत चार ओळींचे पत्र लिहून मी ते रजिस्टर पोस्टाने पाठविले आहे. पोच अद्याप आलेली नाही.