एका खेळाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी राखून ठेवला आहे. जुने नाटक नव्या संचात रंगमंचावर आले, तर त्यास आपण पुनरुज्जीवन म्हणतो. परंतु व्हिडिओ गेमचाही जीर्णोद्धार होतो आणि तेथेही काय राखावे, काय बदलावे, हा प्रश्न तितकाच जिकिरीचा असतो, हे मला साठी उलटल्यावर उमगले.

‘कॉन्ट्रा’ हे नाव आपल्या पिढीस अपरिचित असेल. मुलांना विचारावे, ती तत्काळ सांगतील. जपानच्या कोनामी कंपनीने १९८७ मध्ये हा खेळ नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांवर आणला. पुढच्याच वर्षी तो टीव्हीला जोडायच्या घरगुती यंत्रावर आला. नव्वदच्या दशकात त्या यंत्राच्या स्वस्त नकला आपल्याकडे विकल्या गेल्या आणि त्यांच्या कॅसेटमधून कॉन्ट्रा घरोघर पोहोचला. दोन सैनिक धावतात, उड्या मारतात, गोळ्या झाडतात. जीव तीनच, एक गोळी लागली की एक जीव गेला.

आमच्या घरी हे यंत्र आले ते १९९४ साली. त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. मी राज्य सरकारचा नोकर, मला जाणे शक्य नव्हते. मला एकट्याला टाकून जायला घरचे तयार नव्हते. शाळा बंद, दारे बंद. दोन्ही मुले दिवसभर पडद्यापुढे बसत. खेळ गुजरातीत चाले, भांडण मात्र मराठीत होई.

भांडणाचे ठिकाण ठरलेले असे. तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढायचा असतो आणि दोघांना मिळून पडदा एकच. एक जण झपाझप वर गेला की पडदाही वर सरकतो आणि खाली राहिलेला गोळी न लागताच मरतो. “दादा, थांब ना, मी खाली आहे!” ही धाकट्याची आर्जवे मी फायली चाळताना कितीदा ऐकली असतील! पुढे थोरला थांबायला शिकला. बंदुकीचा खेळ मुलांना काय शिकवणार, असे म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

तीस जीव मिळवण्याची एक युक्तीही होती : वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, मग बी आणि ए. काझुहिसा हाशिमोतो यांनी ती मुळात १९८६ च्या ‘ग्रेडियस’मध्ये घातली, कारण तपासणी करताना तो खेळ त्यांनाच अवघड जाई. माझी मुले ती परवच्यासारखी घोकत.

वर्षे लोटली. थोरला कॅनडात स्थायिक झाला. धाकटा हजीऱ्याच्या एका कारखान्यात अभियंता आहे. निवृत्तीनंतर मी त्याच्याकडे राहतो. भावांत वितुष्ट नव्हते, पण बोलणे माझ्या औषधांपुरते आणि बँकेच्या कागदांपुरते उरले होते. एक पुढे गेला होता, दुसरा थांब म्हणत नव्हता.

१२ मार्च २०२४ रोजी ‘कॉन्ट्रा : ऑपरेशन गालुगा’ प्रसिद्ध झाला. वेफॉरवर्ड या अमेरिकी संस्थेने मूळ कथा नव्याने रचली. बिल आणि लान्स हे नायक तेच, गालुगा बेटही तेच. चित्रे मात्र आजची. आता हवेत दुसरी उडी घेता येते. एका गोळीने मरायचे की काही घाव सोसायचे, हे खेळणारा स्वतः ठरवतो. पण मूळ कथा खेळायची ती दोघांनी एकाच पडद्यापुढे, शेजारी बसून. दोन देशांतून इंटरनेटवर जोडी जमवण्याची सोय कंपनीने खेळात ठेवलेली नाही. अनेकांना ही उणीव वाटली. मला वाटते, जीर्णोद्धारात गाभारा शाबूत राहिला तो येथे.

त्या दिवाळीत थोरला हजीऱ्याला आला. फराळ झाल्यावर दोघे चाळिशीला टेकलेले गृहस्थ जमिनीवर मांडी घालून बसले. बाहेर कारखान्यांचे दिवे होते आणि आत तीस वर्षांपूर्वीचीच गुजराती. रात्री उशिरा मराठी ऐकू आली, तेव्हा मी निश्चिंतपणे निजलो.

आता दर रविवारी कॅनडाहून फोन येतो आणि तो माझ्यासाठी नसतो. पाचवा टप्पा अर्धाच राहिला आहे. धाकट्याचा मुलगा तो एकट्याने पुरा करू म्हणतो. धाकटा त्याला हात लावू देत नाही.