शनिवार तेल्यांच्या गावी
झाडीतून समुद्राकडे : हप्ता दुसरा

बुधवार, गोंदिया

विदर्भ एक्सप्रेस गोंदियातूनच सुटते. भंडारा-नागपूरला धावत डबा शोधणाऱ्यांना या सुखाची कल्पना नाही. गाडी रिकामी उभी असते, खिडकी आपली असते, आणि पोचवायला आलेल्या माणसाशी बोलायचं सगळं बोलून झालं तरी ती हलत नाही. सोबत पाच किलो चिन्नोर तांदूळ घेतलाय, घरच्या बांधीतला. ज्यांच्याकडे जातोय त्यांना मी फोनवरच ओळखतो. रिकाम्या हातानं कसं जाणार?

मागच्या हप्त्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत होतो. १९७२ पासून ती माणसं आपल्या झाडीत राहतात, हिवाळ्यात गावोगाव स्वेटर विकतात, बाजारात हिंदी-मराठी बोलतात, आणि दाराच्या आत पाऊल पडलं की तिबेटी. भाषा सुटली की सगळंच सुटतं, असं तिथून निघताना मी वहीत ठामपणे लिहून ठेवलं होतं. ते वाक्य खोडायची वेळ येईल असं वाटत होतं, म्हणूनच ही गाडी पकडली.

आमगावला आजोबांचा घाणा होता. जवसाचं तेल. झापडं बांधलेला बैल, कुरकुरणारी लाट आणि ढेपीचा वास एवढंच मला आठवतं. १८८३चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर चाळताना तेल्यांचं नाव दिसलं म्हणून थांबलो, तर तिथे 'शनिवार तेली' निघाले. शनिवारी घाणा न चालवणारे. शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव. ती माणसं ज्यू होती, स्वतःला बेने इस्रायल म्हणवत होती, म्हणजे इस्रायलची लेकरं.

डब्यात समोर पोवारी बोलणारं कुटुंब, वरच्या बर्थवर डोंगरगढचे दोघं छत्तीसगढीत गप्पा हाणताहेत, बाजूला गोंदियाचे सिंधी व्यापारी फोनवर. मी मराठीत डबा उघडला.

गुरुवार, मुंबई

मस्जिद स्टेशनाला उतरलो. या नावाची मशीद कोणती, असं फलाटावर चौघांना विचारलं आणि चार दिशांना चार बोटं गेली. सॅम्युएल स्ट्रीटवरच्या सिनेगॉगकडे एकही गेलं नाही. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनाघराला जुन्या बोलीत मशीदच म्हणत, आणि स्टेशनाचं नाव त्यांच्या 'जुन्या मशिदी'वरून पडलं असं सांगतात.

ती बांधली सामाजी हसाजी दिवेकरांनी, १७९६ मध्ये. नाव ऐकून पेशव्यांचा सरदार वाटावा. हिब्रू नाव शमूएल यहेज्केल. कंपनी सरकारच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले. पुढची गोष्ट समाजात घरोघर सांगतात: कैद्यांना जात विचारली, दिवेकर म्हणाले 'बेने इस्रायल', आणि टिपूच्या आईनं हे नाव कुराणात आहे म्हणून जीव वाचवला. सुटलो तर मशीद बांधीन हा नवस तिथलाच. गोष्ट खरी किती ते सोडा, नवस फेडण्याची रीत पक्की इथल्या मातीतली आहे. सिनेगॉगचं नाव शआर हारहमीम, दयेचं दार. त्याच्या दाराशी मसाल्याच्या गोण्या उतरत होत्या आणि हातगाडीवाला मला सारखा 'बाजू' म्हणत होता. आत फार वेळ थांबता आलं नाही.

शुक्रवार, अलिबाग

गेटवेहून मांडव्याची बोट, तिथून बस. समुद्र पाहिल्यावर झाडीच्या माणसाचं जे होतं ते माझंही झालं. त्यावर लिहीत नाही.

इस्रायल आळी बाजारापासून जवळच. मागेन आबोथ हे सिनेगॉग १८४८चं, आजची इमारत १९१०ची. फोनवरच ओळख असलेल्या काकांनी किल्ली आणली होती. माझ्या डोक्यावर टोपी नाही हे पाहून त्यांनी न बोलता खिशातला रुमाल पुढे केला. आत छतापासून काचेचे दिवे लोंबताहेत. पूर्वी त्यांत खोबरेल तेवायचं, आता बहुतेकांत विजेचे बल्ब आहेत. मी मान वर करून दिवेच बघत राहिलो, तेव्हा काका म्हणाले, "लोक तोराह बघायला येतात, तुम्ही तेल बघताय."

मी म्हटलं, "आम्ही तेली."

"असं होय? कोणत्या वाराचे?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. कोकणात सोमवार तेलीही होते, हिंदू. महादेवाचा वार म्हणून त्यांचा घाणा सोमवारी बंद. बेने इस्रायलांचा शनिवारी. गावात दोन तेली असले तर लोक वारावरून ओळखायचे, त्यात धर्म विचारायची गरजच पडत नसे. "मग तुमचा वार?" काका वाट बघत होते. मला सांगता आलं नाही.

काकांच्या घरी मावशींनी चिन्नोरची पिशवी उघडून आधी वास घेतला. गोंदिया कुठे, हे सांगताना मला नागपूरच्या पुढे, छत्तीसगडच्या अलीकडे, असं हवेत नकाशा काढावा लागला. मग जेवण. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध. मांस आणि दूधदुभतं एकत्र करायचं नाही, त्यामुळे दह्याचं काम नारळ करतो. धर्माची अडचण कोकणच्या परसानं सोडवली. गोमांस मात्र त्यांच्या शास्त्रात चालत असूनही इथले जुने लोक खात नसत, शेजाऱ्यांच्या भावनेला धरून.

मावशींकडून सणांची नावं लिहून घेतली, तीही त्यांच्या आजीची. हिब्रू वर्ष लागतं तो नव्याचा सण. मग खिरीचा सण. योम किप्पूरला दारं लावून दिवसभर उपास, म्हणून दारफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी, तो शिळा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास वालाच्या बिरड्यावर सोडतात, म्हणून बिरड्याचा रोजा. पुरीम होळीच्या आसपास येतो, तो सरळ होळीचा सण. दोन हजार वर्षांपूर्वीचं, समुद्रापलीकडचं मंदिर आणि परड्यातले वाल. असं नाव भटजी-पंडित ठेवू शकत नाही, ते स्वयंपाकघरातूनच यावं लागतं.

यांच्याजवळ शतकानुशतकं पोथी नव्हती. हिब्रू विसरली होती. उरलं होतं ते एवढं: शनिवार, सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना, जी लग्नात म्हणत आणि मातीलाही म्हणत. दावीद रहाबी नावाचा परदेशी ज्यू आला, त्यानं बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली, त्यांनी खवल्याची तेवढी वेचून घेतली आणि त्याला ओळख पटली, अशी कथा. त्यानं झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांना शिकवून काजी केलं. म्हणजे तराजू मासळीचा, पंच बायका! पुढे कोचीनचे ज्यू शिक्षक आले. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. त्याला यांना ख्रिस्ती करायचं होतं; यांनी व्याकरण घेतलं आणि ज्यूच राहिले.

ऊन उतरायला लागलं तशी मावशींची लगबग वाढली. सूर्य बुडायच्या आत काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, वात. दिवा लागला. काकांनी मनुका भिजवून केलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हटला. द्राक्षाची दारू कोकणात आणणार कुठून? नंतर कुणीच काही उचललं-ठेवलं नाही.

शनिवार, अलिबाग

आज काही केलं नाही.

खरं तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला जायचं ठरवलं होतं. रिक्षा सांगू का म्हणून विचारलं, तर काका हसले. दहा पुरुष जमले तर सामुदायिक प्रार्थना होते. आज जमले नाहीत. काकांनी घरीच म्हटली. दुपारी थंडच जेवलो. मावशींनी अल्बम काढला. १९४८ च्या सुमाराला हा समाज सुमारे २०,००० होता, मग जहाजं-विमानं भरून इस्रायलला गेला. मावशींचे भाऊ बीरशेबाला. मुलं आता अश्दोदला.

एका फोटोत धोतर-टोपी जाऊन पँट-स्वेटर आलेली माणसं रस्त्यावर बसली आहेत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलशी लग्न लावण्याआधी पिढ्यांची छाननी करावी असा दंडक काढला. अस्सल ज्यू कशावरून? जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं हे सर्वार्थानं ज्यू आहेत असा ठराव केला. कोकणातल्या न शिकलेल्या शेजाऱ्यानं एका बंद घाण्यावरून जे ओळखलं, त्यासाठी तिथे ठराव लागला. मला राग आला. मावशींना आलेला दिसला नाही. "झालं ते," म्हणाल्या आणि पान उलटलं.

तिकडे हे लोक मायबोली नावाचं मराठी नियतकालिक चालवतात. इकडे महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा आळीत बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली होती.

(ही नोंद रात्री उशिरा, लॉजवर लिहिली. त्यांच्या घरात आज पेन काढणं बरं वाटलं नाही.)

रविवार, नवगाव

सकाळी खंडाळ्याला. खडकावर चाकासारखी खूण आहे: एलियाहू हनबीचा टापा. संदेष्टा एलिया याचा रथ इथून आकाशात गेला अशी श्रद्धा. नवस फेडायला येतात, मलिदा करतात: पोहे, गूळ, खोबरं, फळं, सब्जाची पानं. आमच्या घरांतलं नसलं तरी हे ताट मला ओळखीचं वाटलं.

मग किहीमच्या बाजूनं नवगाव. केहीमकर हे आडनाव इथलंच. हाईम शमूएल केहीमकरांनी या समाजाचा मोठा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, ते जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर. तोच इतिहास नवगावची गोष्ट सांगतो. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बाकीची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती गावकऱ्यांनी इथेच पुरली. केहीमकर काळ मांडतात इसवी सनापूर्वी १७५च्या आसपासचा. दुसरे कुणी येमेन म्हणतात, कुणी इराण. पक्का लेखी उल्लेख मिळतो तो १७३८ च्या एका मिशनऱ्याच्या पत्रात. गंमत अशी की चित्पावनांच्या कथेतही फुटलेलं जहाज आणि चौदा प्रेतंच आहेत, परशुरामानं जिवंत केलेली. एकाच किनाऱ्यावर दोन जमाती, एकच आकडा. कुणी कुणाची गोष्ट उचलली याचा वाद मी घालणार नाही. शेजारधर्मात भांडी जातात-येतात, तशा गोष्टीही.

दफनभूमीत स्मारकाचा स्तंभ आहे. अलीकडच्या काही थडग्यांवर हिब्रूखाली मराठी कोरलंय, आणि प्रत्येक आडनावाच्या शेवटी 'कर'. गवत वाढलेलं. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो.

मागच्या हप्त्यात वहीत लिहिलेलं वाक्य इथे बसून खोडलं. यांनी भाषा पूर्ण सोडली, आमची घेतली, पोशाख घेतला, १८८०च्या सुमारास अब्राहामाची आणि योसेफाची कीर्तनंही करू लागले. वार सोडला नाही. नॉर्ग्येलिंगच्या माणसांनी दुसरं टोक धरलंय. कुणाचं चुकलं असं म्हणायची माझी तयारी नाही.

नवगावहूनच आमगावला आत्याला फोन लावला. आजोबांचा घाणा कोणत्या वारी बंद असायचा?

"काउन? आता कोणता घाणा विचारतोस?"

"सांग ना."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. "सोमवारी," ती म्हणाली. "बैल त्या दिवशी झापडं काढून आंगणात उभा राहे. आम्ही पोरं त्याले गूळ चारत होतो." मग एकदम, "तिकडं समुद्राच्या काठी ढेप मिळते का, पाहजो. इथली भेसळीची येते, गाय तोंड लावत नाही."

कोकणात ढेपेला पेंड म्हणतात. अलिबागच्या बाजारात संध्याकाळी विचारलं. पोतं घ्यावं लागेल म्हणाले.